शुक्रवारचा पिवळा दिवा

हिंजवडीत बसून सर्व्हरचे बग शोधणाऱ्याला बोदवडच्या एका जुन्या डिझेल व्हॅननं चार महिने कसं नाचवलं, त्याची ही गोष्ट. गाडी आपल्या घरची असो नाहीतर ऑफिस कॅबवाल्याची, डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा तुम्हीही पाहिला असेलच.

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. ऑफिसात वीकेंडचा मूड. कुणी लोणावळ्याचं प्लॅनिंग करतंय, कुणी बॉसची नजर चुकवून बॅग भरतंय. आणि माझा फोन वाजतो. स्क्रीनवर 'नाना'.

"लागला रे," नाना म्हणतात.

बस्स, एवढंच. पुढचं मला पाठ. गाडी भुसावळच्या पुढे कुठेतरी रस्त्याच्या कडेला. मागच्या सीटवर आई आडवी. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा. अॅक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी चाळीसच्या पुढे जायला तयार नाही. आणि मी पुण्यात, साडेचारशे किलोमीटरवर, हातात थंड झालेली कॉफी.

"नाना, त्या अॅपमध्ये जा. खाली 'क्लिअर' लिहिलंय बघा. ते दाबा."

"दाबलं."

"गेला दिवा?"

"गेला."

सलग किती शुक्रवार हा संवाद झाला, ते मी नंतर मोजलं. त्या 'क्लिअर'बद्दल मला जे सांगायचंय तेही पुढे येईलच. आधी गाडीची ओळख.

२०१३ची डिझेल व्हॅन. पुण्यात कुणाच्या तरी ट्रॅव्हल्सवाल्या मेव्हण्याकडे घरगुती वापरात होती, नानांनी २०१८मध्ये सेकंडहँड घेतली. बोदवडच्या रस्त्यांवर एमएच-१९च्या गर्दीत एकटी एमएच-१२. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या सगळ्यात कंपनीची काही चूक नाही, हे तुम्हाला शेवटी कळेल. गल्लीत तिला सगळे 'मॅटाडोर' म्हणतात. ती मॅटाडोर नाही. पण आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मॅटाडोर काढली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावी ती इतकी रुजली की मागे सीट असलेली कुठलीही चौकोनी गाडी आमच्याकडे मॅटाडोरच!

गाडी घेतली तेव्हा ती हौस होती. शिरसाळ्याच्या मारुतीला जायचं, हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, लग्नसराईत भाऊबंदांची ने-आण. दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्यांनी हात वर केले आणि हौसेची गाडी गरजेची झाली. मंगळवार आणि शुक्रवार, जळगावला डायलिसिस. एका वेळचे चार तास. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. बोदवडला रेल्वे स्टेशन आहे, मुंबई-हावडा मेन लाइनवर आहे, पण चार तास सुई टोचून घेतल्यावर माणूस पॅसेंजरच्या गर्दीत बसू शकत नाही. तिला आडवं व्हावं लागतं. व्हॅनची मधली सीट त्यासाठीच सोन्याची. (जाता जाता: डायलिसिसवाल्यांना पोटॅशियममुळे केळं जवळपास बंद असतं. केळीच्या जिल्ह्यात राहून केळं बंद! आई याचा उल्लेख दर भेटीत एकदा तरी करतेच.)

तर अशी गाडी. आणि दिवाळीनंतर तिला हा आजार जडला.

पिवळा म्हणजे काय रे भाऊ?

खरं सांगू? बारा वर्षं गाडी चालवतोय, पण या दिव्याचं खानदान मला माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं, इंजिन बिघडलं की लागतो. पण त्याचा जन्म इंजिनासाठी नाही, हवेसाठी झालाय. लॉस एंजेलिसच्या धुरकटलेल्या आकाशाला कंटाळून कॅलिफोर्निया राज्यानं १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांना सांगितलं, तुमच्या धुरावर परिणाम करणारा बिघाड तुमचा तुम्हीच ओळखा आणि ड्रायव्हरला दिवा दाखवा. १९९६पासून संपूर्ण अमेरिकेत याची दुसरी, जास्त हुशार पिढी सक्तीची झाली. तिलाच ओबीडी-२ म्हणतात. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१०पासून पहिली पिढी आणि १ एप्रिल २०१३पासून दुसरी. तेव्हा बीएस-४ फक्त मुंबई-पुण्यासारख्या निवडक शहरांत होतं, देशभर आलं ते २०१७मध्ये. म्हणजे आमची व्हॅन पुण्यात पासिंग झाली म्हणून तिला हा शहाणपणा मिळाला. त्याच वर्षी जळगावात घेतली असती तर तिचं तोंड असं उघडलं नसतं कदाचित!

लाल दिवा म्हणजे थांबा, आत्ताच्या आत्ता. ऑइल प्रेशर, इंजिनचं तापणं वगैरे. पिवळा म्हणजे 'जरा बघून घ्या'. पण डिझेल गाडीत काही पिवळ्या दिव्यांबरोबर इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला ताकदच कापून टाकतो. गॅरेजवाले म्हणतात 'लिम्प मोड', म्हणजे लंगडत घरी जा. शेजारच्या काकांनी याला 'बैल बसला' असं नाव दिलं, आणि ते जास्त बरोबर आहे.

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. सोळा पिनांचं. त्यात हजार-बाराशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल लावला की गाडी मोबाइलशी बोलते. मी तो ऑनलाइन मागवून नानांना पाठवला. व्हिडिओ कॉलवर लावायला शिकवला. स्वतःवर जाम खूश होतो. अॅपनं कोड दाखवला : पी ००८७.

पी म्हणजे पॉवरट्रेन. पुढचं शून्य म्हणजे हा कोड कुठल्या एका कंपनीचा नाही, सगळ्यांचा सामायिक. आणि ००८७चा अर्थ : फ्युएल रेलमधलं प्रेशर गरजेपेक्षा कमी.

आता हे रेल काय? नव्या डिझेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी एक जाड नळी असते, कॉमन रेल. पंप तिच्यात सोळाशे बारच्या घरात प्रेशर तयार करतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, तुमच्या कारच्या टायरमध्ये अडीच बारच्या आसपास असतं. इतक्या दाबानं डिझेल उडालं की त्याचं धुकं होतं, नीट जळतं, धूर कमी. हे प्रेशर घसरलं की कॉम्प्युटर बावरतो. दिवा.

म्हणजे कळलं की काय बिघडलंय! असं मला वाटलं. इथेच माती खाल्ली.

१४ हजार ३०० रुपयांची माती

जळगावचं एक मोठं गॅरेज. एसी वेटिंग रूम, फिल्टर कॉफी. त्यांनीही स्कॅनर लावला, त्यांनाही पी ००८७ दिसला. डिझेल फिल्टर बदलला. पुढच्या शुक्रवारी दिवा. मग रेलवरचा प्रेशर सेन्सर बदलला. दोन आठवडे माझी आई हॉस्पिटलच्या दुसऱ्या एका पेशंटच्या गाडीनं आली, आणि व्हॅन परत मिळाल्याच्या पहिल्या शुक्रवारी... बरोबर. मग इंजेक्टर क्लीनिंग. मग 'डिझेल खराब भरता का?' म्हणून पुन्हा नवा फिल्टर. फिल्टर दोन वेळा १,८००, सेन्सर ६,२००, क्लीनिंग आणि मजुरी ४,८००, प्रत्येक वेळचं स्कॅनिंग मिळून १,५००. नाना निवृत्त हिशेबनीस, त्यामुळे हे आकडे मला तोंडपाठ आहेत.

शेवटी त्यांनी सांगितलं, हाय प्रेशर पंप गेलाय. ४२ हजार.

मी गॅरेजला दोष देत नाही हं. त्यांची अडचण खरी होती. गाडी त्यांच्याकडे बुधवारी जायची, ते तासभर फिरवून आणायचे, आणि गाडी मख्खन! तीन फेऱ्या नीट झाल्या की दिवा आपोआप विझतो, तसा नियमच आहे ओबीडीचा. सोमवार-मंगळवारपर्यंत नाना गावात भाजी आणायला चार वेळा गेले की दिवा गायब. डॉक्टरकडे गेल्यावर दाढदुखी थांबते, तसं.

आणि कोड हा निदान नसतो, ही गोष्ट आमच्यापैकी कुणीच लक्षात घेत नव्हतं. 'अंगात ताप आहे' हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड की नुसतं उन्हात फिरणं, ते नाही सांगत. प्रेशर कमी आहे, हे सेन्सरनं प्रामाणिकपणे सांगितलं. का कमी आहे, हा प्रश्न टाकीपासून रेलपर्यंत दहा फूट लांब होता आणि आम्ही सगळे त्याच्या शेवटच्या एका फुटाला चिकटून बसलो होतो.

इकडे घरात वेगळंच सुरू झालं. मी नानांना म्हणालो, विकून टाका. बारा वर्षांची गाडी, त्यात ४२ हजार कशाला घालता? मी नवी घेऊन देतो, ईएमआय भरीन. नाना गप्प. नाना गप्प झाले की समजायचं, लागलंय. दुसऱ्या दिवशी आईचा फोन : "तू ईएमआयचं नको बोलू त्यांच्याशी. तुझ्या फ्लॅटचा हप्ता किती आहे ते त्यांनी डायरीत लिहून ठेवलंय." आणि मग हळूच, "मला त्या रस्त्यावर अंधारात भीती वाटते रे. बीपी खाली गेलेलं असतं. गाडी थांबली की वाटतं, आता काय."

त्या रात्री झोप लागली नाही, राव.

एक्सेल उघडलं

आमच्या धंद्यात बग सापडत नसेल तर पहिला प्रश्न ठरलेला : शेवटचा बदल काय झाला? आणि दुसरा : कधी होतं, कधी होत नाही? चार महिने मी हे दोन्ही प्रश्न माझ्या बापाला विचारले नव्हते. मी फक्त 'क्लिअर दाबा' म्हणत होतो.

मोबाइलचा कॉल लॉग काढला. 'लागला रे'चे एकूण तेरा फोन. एक्सेलमध्ये तारखा टाकल्या, शेजारच्या कॉलममध्ये वार. बारा शुक्रवार. एक मंगळवार.

आई मंगळवारीही जाते. तोच रस्ता, तीच गाडी, तेच वजन. मंगळवारी का नाही लागत?

गल्लीत याचं उत्तर तयार होतं म्हणे. शुक्रवार, देवीचा वार, पुढे लिंबू-मिरची बांधा. बांधलीही होती, मी गेलो तेव्हा वाळलेली लटकत होती.

फेब्रुवारीत आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेतलं आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. भुसावळला उतरलो तर स्टेशनबाहेर नाना व्हॅन घेऊन हजर. शुक्रवारच होता. म्हटलं, आज मी चालवतो.

जाताना काही नाही. गाडी लोण्यासारखी. डोंगल लावलेलाच होता, रेलचं प्रेशर बघत होतो, हजार-बाराशे बार, व्यवस्थित. आईला आत सोडलं. चार तास आम्ही बापलेक बाहेर. शेवभाजी खाल्ली, फार बोललो नाही. परत निघताना नाना म्हणाले, "पंपावर घे. टाकी फुल्ल करून निघू." मी घेतली. नानांनी खिशातली छोटी डायरी काढली, लिटर लिहिले, रुपये लिहिले, तारीख लिहिली.

साकेगावला वाघूर ओलांडली, भुसावळ गेलं. मोबाइलवरचा आकडा आधी हजार होता. मग नऊशे. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि आकडा सातशेवर आला, दिवा लागला, बैल बसला. वरणगाव यायचं होतं अजून. मागून आईचा आवाज : "लागला ना?"

या वेळी मी 'क्लिअर' दाबलं नाही. दिवा लागतो त्या क्षणी कॉम्प्युटर एक फोटो काढून ठेवतो. वेग किती, इंजिनवर लोड किती, तापमान किती. 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात त्याला. आणि कोड क्लिअर केला की तो फोटोही पुसला जातो. कळलं का मी काय केलं होतं? चार महिने दर शुक्रवारी गुन्ह्याच्या जागेवर फोनवरून झाडू मारत होतो! गॅरेजवाल्यांना काही दिसणार कुठून?

फुस्स्!

आईला घरी सोडलं. नाना म्हणाले, गाडी बंद करू नको, मिस्तरीकडे घे. जामनेर रोडला कडुनिंबाखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे पत्रा, एक कॉम्प्रेसर आणि टीव्हीएसच्या दोन सांगाड्यांवर बसायची सोय. मिस्तरींनी ट्रॅक्टर-जीपची इंजिनं खोलण्यात चाळीस वर्षं घालवलीत. सेन्सरच्या गाडीला ते हात लावत नाहीत, म्हणून नानांनी इतके दिवस त्यांना विचारलंच नव्हतं.

मी त्यांना कोड सांगितला, रेल सांगितली, बार सांगितले. मोबाइलवर ग्राफ दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हनजे डिझेल कमी पोचून राह्यलं," ते म्हणाले.

हो, तसंच.

"इंजनापाशी कमी पडतं का टाकीतूनच कमी येतं, ते पाह्यलं का कोनी?"

मी आणि नानांनी एकमेकांकडे बघितलं.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. चालत मागे गेले, डिझेलच्या झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

फुस्स्स्!

सोड्याच्या बाटलीसारखं नाही, उलटं. हवा बाहेर नाही आली, आत गेली. आणि गेली ती दोन-तीन सेकंद जातच राहिली. मिस्तरींनी मला गाडी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं आणि एक चक्कर मारायला पाठवलं. दिवा अजून पेटलेला होता, पण ताकद परत आलेली! मोबाइलवर बाराशे बार.

"हे झाकन कंपनीचं नही," मी परतल्यावर ते म्हणाले. "कधी बदललं?"

नानांची डायरी निघाली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जुनं झाकण पंपावर राहिलं होतं. त्याच दिवशी भुसावळला नवं घेतलं, कुलपाचं, १८० रुपये. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून. पहिला 'लागला रे'चा फोन त्यानंतर नवव्या दिवशी. शेवटचा बदल काय, हा माझा प्रश्न! उत्तर तारखेसकट बापाच्या खिशात होतं.

विज्ञान सातवीचं आहे. टाकीतून डिझेल गेलं की तेवढ्या जागेत हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी ओढ धरते आणि पंपाला त्या ओढीविरुद्ध डिझेल खेचावं लागतं. स्ट्रॉ घातलेल्या बाटलीचं तोंड ओठांनी बंद करून सरबत ओढून बघा, कळेल.

आणि शुक्रवारच का? त्या रात्री जेवण झाल्यावर मी हिशेब मांडला. टाकी साठ लिटरची. फुल्ल भरली तरी वर पाचेक लिटर हवा राहते. जळगाव ते बोदवड साडेचार लिटर जळतं. बाहेरून हवा आलीच नाही तर पाच लिटरची हवा साडेनऊ लिटर जागेत पसरणार, म्हणजे दाब जवळजवळ अर्ध्यावर! तेच टाकी अर्धी असेल तर पस्तीस लिटर हवा आधीच आहे, तिची साडेएकोणचाळीस झाली तर दाब फक्त दहा-अकरा टक्के उतरेल. पंपाला पत्ताही लागणार नाही. हा कागदावरचा हिशेब झाला, झाकणाच्या रबरातून थोडी हवा शिरतेच. पण दिशा हीच. टाकी जितकी भरलेली, तितका दिवा लवकर. आणि नाना दर शुक्रवारी, जळगावहून निघताना, आईची काळजी म्हणून टाकी फुल्ल करत होते.

आणि तो एकटा मंगळवार? डायरी उघडली. त्या आठवड्यात शुक्रवारी चुलत बहिणीचं लग्न होतं, म्हणून नानांनी मंगळवारीच टाकी भरून घेतली होती. मी ते पान आईला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे देवीचा काही संबंध नव्हता." जरा नाराजच वाटली.

माशी कुठे शिंकली

पण एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं नाही, एवढं तरी ऑफिसनं शिकवलंय. शनिवारी टाकी पुन्हा काठोकाठ भरली, झाकण घट्ट, आईशिवाय जळगावच्या दिशेनं निघालो. चाळीस किलोमीटरनंतर दिवा. झाकण उघडलं, फुस्स्, ताकद परत. परत टाकी भरली, या वेळी झाकण अर्धा आटा ढिलं आणि वर फडकं बांधलेलं. आकडा हलला नाही. रविवारी पुन्हा तेच दोन्ही प्रकार, तोच निकाल. (ढिल्या झाकणाचा प्रयोग रिकाम्या रस्त्यावर, हळू आणि तेवढ्यापुरताच. डिझेल रस्त्यावर सांडलं तर मागच्या बाइकवाल्याचा जीव जातो.)

मिस्तरींचं समाधान मात्र झालेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, झाकण बंद असलं तरी टाकीला श्वास घ्यायला वेगळी नळी असते. कंपनी दोन वाटा ठेवते, एक झाकणातला व्हॉल्व्ह आणि एक ब्रीदर. झाकणाची वाट नानांनी बंद केली. मग दुसरी कुणी केली?

रविवारी दुपारी ते गाडीखाली शिरले. मागच्या चाकाच्या वरून एक बोटभर रबरी नळी ओढून काढली. तोंडानं फुंकली. गाल फुगले, हवा जाईना. तार घातली, अडली. मग त्यांनी नळीचं टोक चाकूनं चिरलं आणि तळहातावर झटकलं.

माती. नीट लिंपलेली, वाळून दगड झालेली माती. आणि तिच्या आत चार-पाच बारीक कोळी, सुरकुतलेले.

"कुंभारीन," मिस्तरी म्हणाले. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा असेल बहुतेक, मोठ्यानं हसले.

कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. बारीक कंबरेची, मातीच्या गोळ्या आणून खिडकीच्या कोपऱ्यात घरटं बांधणारी. ती कोळ्यांना डंख मारून लुळं करते, घरट्यात कोंबते, अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळीला ताजं जेवण. तिला बोटभर रुंदीचं, कोरडं, अंधारं भोक मिळालं की तिचा वन बीएचके तयार! नळी किती दिवस बंद होती कुणास ठाऊक. जुन्या झाकणाच्या व्हॉल्व्हवर गाडी आरामात श्वास घेत होती. नाक बंद होतं, तोंड उघडं होतं. नानांनी तोंडाला कुलूप लावलं.

तुम्हाला वाटेल, बोदवडमध्येच असलं काही होऊ शकतं. मीही तसंच समजत होतो. पण २०११मध्ये माझ्दानं अमेरिकेत 'माझ्दा ६'च्या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी टाकीच्या व्हेंटच्या नळीत जाळी विणत होते. परिणाम? टाकीत पोकळी, आणि पुढे टाकीला तडा जायची भीती. २०१४मध्ये त्याच कोळ्यांसाठी पुन्हा ४२ हजार गाड्या! म्हणजे तिकडे कोळी आरोपी, आमच्याकडे तेच बिचारे मयत.

आणि एक गोष्ट हसण्यासारखी नाही. ६ फेब्रुवारी १९९६ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी एक नळी बंद झाल्यामुळे वैमानिकाला चुकीचा वेग दिसत होता. तपास करणाऱ्यांचा सगळ्यात दाट संशय कुणावर होता? मातीचं घरटं बांधणाऱ्या अशाच माशीवर. विमान बरेच दिवस उभं होतं आणि नळीवर टोपी नव्हती. हे वाचलं त्या रात्री मला वरणगावच्या अलीकडचा तो ट्रक आठवला. ओव्हरटेक करताना अर्ध्यात ताकद गेली होती. मागे आई होती.

सोमवारी मिस्तरींनी नवी नळी टाकली, तिचं तोंड खाली वळवलं आणि टोकाला चहाच्या गाळणीची जाळी कापून बांधली. कंपनीचं झाकण जळगावहून मागवलं. नळी, झाकण, मजुरी सगळं मिळून ७५० रुपये. मजुरीचे २०० सुद्धा ते घेत नव्हते, नानांनी कोंबले. ४२ हजारांचा पंप अजून जुनाच आहे आणि मजेत आहे.

एक कबुली राहिली. रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसून मी नानांना म्हटलं, "चुकलं माझं. तुमचं ऐकूनच घेतलं नाही मी." नाना डायरीत काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "झाकण मीच हरवलं होतं." आमच्या घरात याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

परत निघायच्या आधी आणखी एक शुक्रवार मिळाला. टाकी मुद्दाम काठोकाठ भरली. साकेगाव गेलं, भुसावळ गेलं, वरणगाव गेलं. नाना रस्त्याकडे कमी आणि डॅशबोर्डकडे जास्त बघत होते. आई बोदवडपर्यंत झोपलेली होती.

निघताना मिस्तरी म्हणाले, "साहेब, ते मोबाइलले बोलनारं यंत्र दोन दिवस ठेवता का माह्यापाशी?" म्हटलं, दोन दिवस कशाला, ठेवाच. त्यांच्या नातवाच्या फोनवर अॅप टाकून दिलं. एकच गोष्ट बजावून सांगितली : क्लिअर शेवटी दाबायचं.

आता शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो तो नानांचा नसतो. परवा ऑफिसच्या पार्टीत ऐन गोंगाटात वाजला. बाहेर येऊन घेतला.

"साहेब, एका पिकअपले पिवया लाईट लागेल हाये. पी ०४०१ दाखवतं. हे काय म्हन्ते हो?"

"ईजीआरचा प्रवाह कमी," मी म्हटलं. "पण आधी सांगा, शेवटी काय काम केलं होतं त्या गाडीचं?"

"तेच इचारून राह्यलो त्याले," मिस्तरी म्हणाले. "थांबा, होल्ड करा."